मालिकांतून पुन्हा भेटणारी जुनी गाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आम्ही काही श्रोते दर महिन्याच्या एका रविवारी गंगापूर रस्त्यावरील एका घरी जमतो आणि जुनी मराठी व हिंदी गाणी लक्षपूर्वक ऐकतो. प्रारंभी येणारी बहुतेक मंडळी साठीच्या पुढची होती. अलीकडे मात्र महाविद्यालयात शिकणारी मुले-मुलीही येऊ लागली असून, ‘मालिकेत एक ओळ ऐकली, ती कोणत्या गाण्याची?’ हा त्यांच्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो. त्या प्रश्नाचा माग काढताना जी टिपणे मी करत गेलो, ती येथे प्रश्नोत्तरांच्या रूपात दिली आहेत.

मराठी मालिकांच्या नावांतच जुनी गाणी दडलेली असतात, हे कितपत खरे आहे?

पुष्कळच खरे आहे, आणि शोधाची सुरुवात तेथूनच करावी. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘का रे दुरावा’ या मालिकेचे नाव म्हणजे ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या चित्रपटातील आशा भोसले यांच्या गाण्याचे पहिले शब्द आहेत, गीत ग. दि. माडगूळकरांचे आणि चाल सुधीर फडके यांची. ‘पाहिले न मी तुला’ (२०२१) हे नाव ‘गुपचुप गुपचुप’ (१९८३) या चित्रपटातील सुरेश वाडकर यांच्या गाण्यातून आले. त्याचे संगीतकार अनिल-अरुण. ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ (२०२०) हे नाव उच्चारताच ज्यांना प्रशांत दामले आठवतात, त्यांनी ‘एका लग्नाची गोष्ट’ हे नाटक पाहिलेले असते.

काही वेळा नाव गाण्याच्या आरंभातून न घेता मधूनच उचललेले असते आणि मग मूळ गाणे सहज हाती लागत नाही. ‘तुझेच मी गीत गात आहे’ (२०२२) हे त्याचे उत्तम उदाहरण. या नावाचे गाणे शोधणाऱ्याला फक्त मालिकाच सापडते, कारण मूळ गाणे ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ या शब्दांनी सुरू होते आणि मालिकेचे नाव हा त्याच ओळीचा उत्तरार्ध आहे. सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लता मंगेशकरांचा स्वर असलेले हे गाणे जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटातील आहे. तीच गोष्ट ‘जिवाची होतिया काहिली’ (२०२२) या नावाची. ते शब्द अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीतील आहेत.

सर्वांत लांबचा प्रवास केला आहे तो ‘सुंदरा मनामध्ये भरली’ (२०२०) या नावाने. मूळ लावणी शाहीर राम जोशी यांची, आणि राम जोशी १८१२ मध्ये निवर्तले. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) या चित्रपटात वसंत देसाई यांच्या संगीतात जयराम शिलेदारांनी ती गायिली, आणि आमच्या आजोबांच्या पिढीला ती त्याच स्वरात ठाऊक होती. पेशवाईच्या अखेरच्या काळातील एक शब्दावली, एका चित्रपटाच्या आधाराने, सिडकोतल्या एखाद्या घरात रात्रीच्या जेवणाच्या वेळी कानावर पडते, याचे मला आजही मनापासून अप्रूप वाटते.

हिंदी मालिकांतही असे घडते का?

होय. ‘बडे अच्छे लगते हैं’ (२०११) हे नाव ‘बालिका बधू’ (१९७६) या चित्रपटातील गाण्याचे आहे. शब्द आनंद बक्षी यांचे, संगीत राहुलदेव बर्मन यांचे आणि स्वर अमित कुमार यांचा. मालिका लोकप्रिय झाल्यावर अनेक तरुणांनी ते गाणे प्रथमच पूर्ण ऐकले.

मालिकेत ऐकू आलेले गाणे मूळ ध्वनिमुद्रण आहे की नव्याने गायिलेले, हे कसे ओळखावे?

आपल्याकडील दैनंदिन मालिकांत बहुधा नव्याने गायिलेली आवृत्तीच वाजते, हे प्रथम लक्षात घ्यावे. त्यातही अनेकदा केवळ ध्रुवपद गायिलेले असते. अंतरे मुळी मुद्रितच केलेले नसतात. त्यामुळे मालिकेतील गाणे ‘पूर्ण’ कोठे मिळेल, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बऱ्याचदा ‘ते पूर्ण नाहीच’ असे असते. पूर्ण आहे ते मूळ गाणे.

कानाला थोडी सवय झाली की फरक लगेच कळतो. १९५० ते १९७० च्या दशकांतील गाण्यांत गायक आणि वादक एकाच दालनात, एकाच वेळी गात-वाजवत असत. एखादी चूक झाली तर गाणे पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागे. म्हणून त्या ध्वनिमुद्रणांत तबल्याचा ठेका आणि गायिकेचा श्वास एकमेकांना सांभाळत चालतात. लय किंचित पुढेमागे होते आणि त्यातच गाण्याचा जिवंतपणा असतो. नव्या आवृत्तीत स्वर फार पुढे, अगदी कानाशी येतो, वाद्यमेळ बराचसा कळफलकावरचा असतो आणि लय यंत्राने बांधून ठेवलेली असते. शिवाय अलीकडे जुने गाणे मूळ लयीपेक्षा संथ करून, त्याला उदास रूप देण्याची प्रथा पडली आहे. प्रसंग दुःखाचा असला की ती पद्धत चालून जाते, परंतु मूळ गाणे खेळकर असेल तर श्रोत्याचा त्याविषयी कायमचा गैरसमज होतो आणि हे मला खटकते.

गाणे ओळखणारे ॲप जुनी मराठी गाणी का ओळखत नाही? दूरचित्रवाणीसमोर फोन धरला तरी उत्तर मिळत नाही.

याचे कारण त्या ॲपच्या रचनेतच आहे. शझाम ही सेवा २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली तेव्हा एका क्रमांकावर फोन लावून तो वाजणाऱ्या गाण्याजवळ धरावा लागे. २०१८ मध्ये ॲपल कंपनीने ती विकत घेतली. ही सेवा गाण्याची चाल ओळखत नाही. वाजणाऱ्या ध्वनीतील ठळक कंप्रता (फ्रिक्वेन्सी) कोणत्या क्षणी उमटतात आणि त्यांच्यामध्ये किती अंतर असते, याचा ती एक ठसा तयार करते आणि आपल्या संग्रहातील ठशांशी तो ताडून पाहते. भोवती थोडा गोंगाट असला तरी हा ठसा टिकतो. परंतु तेच गाणे दुसऱ्या कोणी गायिले, किंवा त्याच गायिकेने दुसऱ्या दिवशी पुन्हा गायिले, तर ठसा बदलतो. थोडक्यात, ॲप त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाला ओळखते. गाण्याला ओळखत नाही.

आता आपली अडचण पाहा. मालिकेतील आवृत्ती नव्याने गायिलेली आणि बहुधा स्वतंत्रपणे प्रकाशित न झालेली, म्हणजे ती संग्रहात नाही. मूळ गाणे संग्रहात असले तरी त्याचा ठसा वेगळा. त्यावर पात्रांचे संवाद आणि प्रसंग गडद करणारे पार्श्वसंगीत. अशा स्थितीत ॲपने हात टेकले तर त्यात नवल नाही.

अशा वेळी गुगलची गुणगुणून शोधण्याची सोय वापरून पाहावी. २०२० पासून उपलब्ध असलेली ही सोय चालीच्या चढउतारावर आधारलेली असल्यामुळे कोणी गायिले याला तेथे महत्त्व नसते. दहा-पंधरा सेकंद, शब्दांचा आग्रह न धरता, नुसती चाल स्वच्छ गुणगुणावी. गाजलेल्या हिंदी गाण्यांना याचा चांगला उपयोग होतो. मराठी भावगीतांच्या बाबतीत मात्र आमचा अनुभव संमिश्र आहे.

शब्द अर्धवट आठवतात. शोध नेमका कसा घ्यावा?

शब्द देवनागरीत लिहून शोधावा, ही पहिली सूचना. रोमन लिपीत ‘पाहते’ हा एकच शब्द चार तऱ्हांनी लिहिला जातो आणि प्रत्येक वेळी निराळे निकाल येतात. देवनागरीतही ‘जिवाची’ आणि ‘जीवाची’, ‘ह्या’ आणि ‘या’, ‘मध्ये’ आणि ‘मधे’ अशी रूपे बदलून पाहावीत. जुन्या लावण्यांत आणि पदांत ‘मनामधिं’सारखी रूपे येतात, तीही ध्यानात ठेवावीत.

दुसरी सूचना अशी की मालिकेच्या नावाऐवजी अंतऱ्यातील एखादा वेगळा, कमी वापरातला शब्द शोधासाठी घ्यावा. नाव घातले की मालिकेचे भाग, त्यांची छायाचित्रे आणि कलाकारांच्या मुलाखती यांचाच पूर येतो आणि गाणे त्याखाली बुडून जाते. ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ या कामी फार मोलाचे आहे, कारण तेथे गाण्याच्या शब्दांसोबत गीतकार, संगीतकार, स्वर आणि चित्रपट किंवा नाटक यांची नोंद असते. एकदा संगीतकाराचे नाव हाती आले की पुढची वाट आपोआप उघडते.

तिसरी गोष्ट टोपणनावांची. २०२२ मधील ‘तू तेव्हा तशी’ या मालिकेचे नाव आरती प्रभू यांच्या कवितेतील आहे आणि हृदयनाथ मंगेशकरांनी ती स्वतः चाल लावून गायिली आहे. आमच्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थिनीने आरती प्रभू या कवयित्री असाव्यात असे समजून बराच शोध घेतला होता. ते चिं. त्र्यं. खानोलकर यांचे टोपणनाव आहे हे कळल्यावर तिला ग्रंथालयात दोन फळ्या भरून पुस्तके सापडली. नाशिककरांना याचे फार अप्रूप वाटण्याचे कारण नाही. कविता कुसुमाग्रजांची आणि नाटक शिरवाडकरांचे, ही दोन नावे एकाच माणसाची, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. संगीतकारांच्या बाबतीतही हे घडते. ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटाचे संगीतकार ‘आनंदघन’ म्हणजे स्वतः लता मंगेशकर.

मालिकेच्या श्रेयनामावलीत मूळ कवीचे आणि संगीतकाराचे नाव का दिसत नाही?

कधी ते असते, परंतु इतक्या वेगाने सरकते की वाचता येत नाही. शिवाय ओटीटीवर नामावली सुरू होताच पुढचा भाग लागतो. ती थांबवून वाचण्याची सवय लावून घ्यावी. नुसते दोन-तीन शब्द मालिकेच्या नावासाठी घेतले असतील तर श्रेय न देण्याचीच पद्धत दिसते. कायद्याची बाजू काहीही असो, ज्या कवीच्या ओळीवर मालिका वर्षानुवर्षे ओळखली जाते, त्याचे नाव निदान पहिल्या भागात तरी ठळकपणे यावे, असे मला ठामपणे वाटते.

निर्माते मूळ गाणेच का वाजवत नाहीत? नव्याने गाऊन घेण्याची गरज काय?

गाण्याला एक मालक नसतो, हे याचे मुख्य कारण. शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी, आणि प्रत्येकीचे हक्क वेगळे असतात. मूळ तबकडीवरचे गाणे वापरायचे तर शब्द आणि चाल यांच्या हक्कदारांबरोबरच ध्वनिमुद्रणाच्या मालक कंपनीचीही परवानगी आणि शुल्क आले. नव्याने गाऊन घेतले की तिसरा खर्च टळतो.

भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो, तर कवी आणि संगीतकार यांच्या कृतींचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. या फरकामुळे विचित्र स्थिती उद्भवते. १९६० मध्ये प्रकाशित झालेल्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाची मुदत २०२० च्या अखेरीस संपली. परंतु त्याच तबकडीवरील शब्द माडगूळकरांचे असतील, तर ते १९७७ मध्ये निवर्तल्यामुळे शब्दांचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आणि चाल फडके यांची असेल, तर ते २००२ मध्ये निवर्तल्यामुळे चालीचा हक्क २०६२ च्या अखेरपर्यंत टिकतो. म्हणून ‘हे गाणे जुने आहे, आता ते कोणीही वापरावे’ असे समजणे चुकीचे आहे. आपल्या सोसायटीच्या कार्यक्रमाची चित्रफीत यूट्यूबवर टाकल्यावर हक्काची सूचना आली, अशी तक्रार आमच्याकडे अनेकदा येते. तिचे मूळ बहुधा येथेच असते.

एका मालिकेतील प्रसंग काही वर्षांनी पुन्हा पाहिला, तेव्हा मागचे गाणे वेगळेच होते. ही माझ्या स्मरणाची चूक आहे का?

चूक असेलच असे नाही. गाण्याची परवानगी अनेकदा ठरावीक माध्यमापुरती किंवा ठरावीक मुदतीपुरती घेतलेली असते. मालिका दुसरीकडे दाखवायची वेळ आली की नवे शुल्क भरण्याऐवजी गाणे बदलले जाते. अमेरिकेतील ‘द वंडर इयर्स’ ही मालिका १९८८ ते १९९३ या काळात प्रसारित झाली आणि १९६० च्या दशकातील गाणी हा तिचा प्राण होता. त्या गाण्यांचे हक्क मिळवणे इतके अवघड ठरले की तिचा संपूर्ण डीव्हीडी संच निघायला २०१४ साल उजाडले. म्हणून मालिकेत गाणे आवडले की त्याच वेळी टिपून ठेवावे : मालिका, भागाचा क्रमांक, प्रसंग आणि ऐकू आलेले शब्द.

परदेशी मालिकांमुळे जुनी गाणी खरोखर पुन्हा लोकप्रिय होतात का, की ती केवळ जाहिरात असते?

खरोखर होतात, आणि त्याचे लख्ख उदाहरण २०२२ चे आहे. केट बुश या ब्रिटिश गायिकेचे ‘रनिंग अप दॅट हिल’ हे गाणे १९८५ मध्ये आले, तेव्हा ब्रिटनमधील क्रमवारीत ते तिसऱ्या स्थानापर्यंत पोचले होते. मे २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या चौथ्या पर्वात ते वापरले गेले आणि जूनमध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी, ते पहिल्या स्थानावर गेले. त्या मालिकेत ते नुसते मागे वाजत नाही. एका मुलीचा जीव त्या गाण्यामुळे वाचतो, म्हणजे कथानकच त्यावर उभे आहे, आणि म्हणून ते प्रेक्षकांच्या मनात रुतले. पुढच्याच वर्षी ‘द लास्ट ऑफ अस’च्या तिसऱ्या भागाने लिंडा रॉनस्टॅट यांचे १९७० मधील ‘लाँग लाँग टाइम’ नव्या पिढीपर्यंत पोचवले.

२०२२ मधील ‘वेन्सडे’ या मालिकेतील नृत्याचे गाणेही उदाहरण म्हणून सांगण्याजोगे आहे. बहुतेकांचा शोध द क्रॅम्प्स या वाद्यवृंदाच्या १९८१ च्या ध्वनिमुद्रणापाशी थांबला. वस्तुतः ते गाणे त्यांचेही नव्हे. १९६२ मध्ये रॉनी कुक अँड द गेलॅड्स यांनी ते प्रथम गायिले होते. आपण ज्याला मूळ समजतो त्याच्याही मागे आणखी एक मूळ असू शकते. राम जोशींची लावणी चित्रपटातील समजणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

मालिकेत गाण्याचा अर्थच बदललेला असतो. त्याने काही बिघडते का?

या प्रश्नावर आमच्यात एकमत नाही, म्हणून मी माझे मत सांगतो. गाणे नव्या प्रसंगात गेले की त्याला नवा अर्थ मिळणार, आणि त्यात गैर काही नाही. परंतु मूळ अर्थ माहीत नसेल तर आपण गाण्याचा मोठा भाग गमावतो.

‘तुला पाहते रे’ हे उदाहरण घ्या. २०१८ च्या मालिकेत ते एका तरुण मुलीच्या प्रौढ पुरुषावरील प्रेमकथेचे नाव आहे. मूळ गाणे ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) या राजा परांजपे यांच्या चित्रपटात आशा भोसले यांच्या स्वरात आहे आणि ते गाणारी नायिका आंधळी आहे. डोळ्यांनी ज्याला कधी पाहिले नाही, त्याला ती ‘पाहते’ असे म्हणते. हे समजल्यानंतर मालिकेचे नाव पुन्हा उच्चारून पाहावे. तो ‘पाहते’ हा साधा शब्द मग साधा राहत नाही. त्याच चित्रपटातील ‘एक धागा सुखाचा’ आणि ‘जग हे बंदिशाळा’ ही गाणीही मग ऐकावीत, म्हणजे माडगूळकर-फडके या जोडीने एका चित्रपटात किती निरनिराळी दुःखे सांगितली आहेत ते कळते.

अण्णा भाऊंच्या छक्कडीच्या बाबतीत तर मूळ संदर्भ ठाऊक असणे मला अत्यावश्यक वाटते. गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या मुंबईतील कामकऱ्याची ती कैफियत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जन्मली आणि शेवटी बेळगाव-कारवारच्या ताटातुटीपर्यंत जाऊन पोचते. तिच्यातील ‘काहिली’ ही एकट्या प्रियकराची नाही. मालिकेने फक्त विरह घेतला आणि तो तिला घेता येतो, परंतु श्रोत्याने तेवढ्यावर थांबू नये.

जुन्या मालिकांची शीर्षकगीतेच आता विस्मृतीत चालली आहेत. त्यांचा शोध याच पद्धतीने घ्यावा का?

ती अधिक अवघड बाब आहे. चित्रपटगीताची तबकडी निघत असे, भावगीत आकाशवाणीवर वाजत असे. शीर्षकगीत मात्र मालिकेबरोबर येई आणि तिच्याबरोबरच जाई. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर आलेल्या ‘आभाळमाया’चे शीर्षकगीत मंगेश कुलकर्णी यांचे, संगीत अशोक पत्की यांचे आणि स्वर देवकी पंडित यांचा. ज्यांनी ते त्या वेळी रोज ऐकले, त्यांना आजही पहिल्या सुरापासून ते आठवते. त्याआधी दूरदर्शनवरील ‘गोट्या’साठी पत्की यांनीच चाल दिलेले मधुकर आरकडे यांचे ‘बीज अंकुरे अंकुरे’ हे गीत शाळांच्या परिपाठात पोचले, म्हणून ते टिकले. बाकीच्या कित्येक गीतांचा आधार म्हणजे कोणीतरी घरी व्हिडिओ कॅसेटवर मुद्रित करून ठेवलेला एखादा भाग. आपल्या माळ्यावर अशा कॅसेटी असतील तर त्या टाकून देण्यापूर्वी एकदा आम्हाला अवश्य कळवावे.

नाशिकमध्ये यासाठी कोठे जावे?

सार्वजनिक वाचनालयापासून सुरुवात करावी. १८४० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत कवितासंग्रह, नाटकांच्या संहिता आणि जुनी नियतकालिके पाहता येतात. मालिकेतील ओळ मुळात कविता असेल, तर ध्वनिमुद्रणाच्या आधी तिचे छापील रूप वाचावे; गाण्यात गाळलेली कडवी तेथे मिळतात. आकाशवाणीच्या केंद्रावर जुनी गाणी लागतात तेव्हा निवेदकाने सांगितलेली नावे टिपून घ्यावीत, कारण आकाशवाणीने गीतकाराचे नाव सांगण्याची शिस्त अद्याप सोडलेली नाही.

आपल्या जिल्ह्याचा स्वतःचा वारसाही या निमित्ताने ऐकावा. पंडित द. वि. पलुसकर यांचा जन्म १९२१ मध्ये नाशिकचा. ‘बैजू बावरा’ (१९५२) मधील उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबरची त्यांची जुगलबंदी अनेकांनी ऐकलेली असते, परंतु तो स्वर आपल्या गावात जन्मलेल्या माणसाचा आहे हे ठाऊक नसते. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. त्यांची गीते वस्त्या-वस्त्यांतून, गायन पार्ट्यांच्या तोंडून पसरली. मालिकेत वा चित्रपटात अशा गीताची चाल ‘पारंपरिक’ म्हणून ऐकू आली, तर ती खरोखर पारंपरिक आहे की तिला एक नाव-गाव असलेला कवी आहे, हे जरूर तपासावे.

घरात जुन्या तबकड्या सापडल्या. मालिकेतले गाणे त्यांत असू शकेल का?

शक्य आहे. मात्र ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते. ती मद्यार्कयुक्त द्रवाने पुसू नये, कारण लाख त्यात विरघळते. एलपीच्या सुईने ती वाजवू नये. तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात.

चकतीवरील नाव मात्र पूर्णपणे प्रमाण मानू नये. एके काळी चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायिकेऐवजी पात्राचे नाव छापत असत. ‘महल’ (१९४९) मधील ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर लता मंगेशकरांच्या ऐवजी ‘कामिनी’ असे नाव होते, आणि कामिनी हे चित्रपटातील मधुबालाच्या भूमिकेचे नाव.

घरातील वडीलधाऱ्यांना गाणे आठवते, परंतु ते म्हणतात ते शब्द संकेतस्थळांवर मिळत नाहीत. कोणावर विश्वास ठेवावा?

वडीलधाऱ्यांचे म्हणणे आधी जसेच्या तसे लिहून घ्यावे, मग ताडून पाहावे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण साडेतीन मिनिटांत संपत असे. त्यामुळे चित्रपटात असलेला एखादा अंतरा तबकडीसाठी गाळावा लागे, आणि आज आपण जे ऐकतो ते बहुतेक वेळा तबकडीवरून आलेले असते. ज्यांनी चित्रपट तंबूत किंवा थिएटरात पाहिला, त्यांच्या स्मरणात तो गाळलेला अंतरा असू शकतो.

गेल्या पावसाळ्यात पंचवटीतील एक सूनबाई आपल्या सासूबाईंना घेऊन आमच्याकडे आल्या. रात्री मालिकेत एका जुन्या गाण्याचे ध्रुवपद वाजले आणि स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंनी पुढचे सगळे गाणे म्हटले, असे त्या सांगत होत्या. आम्ही आमच्याकडील ध्वनिमुद्रण लावले. दोन अंतरे जुळले. ते संपल्यावर आजी म्हणाल्या, ‘‘अहो, अजून एक राहिलं की,’’ आणि त्यांनी तिसरा अंतरा गाऊन दाखवला. वृत्त, यमक आणि चाल तिन्ही चोख बसत होती. तो आम्हाला तबकडीवर मिळालेला नाही, संकेतस्थळावर मिळालेला नाही आणि आमच्या हाती आलेली चित्रपटाची प्रत त्या गाण्यापाशी कापलेली आहे. आजींचा अंतरा आम्ही त्यांच्याच आवाजात मुद्रित करून ठेवला आहे आणि चित्रपटाची पूर्ण प्रत अजून शोधत आहोत.